नकाशाच्या डेटाबेसमध्ये कोणाला किती हक्क द्यायचे आणि एन्क्रिप्शन नेमकं कशाचं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नगरपरिषदेचा मालमत्ता आणि पाणीपुरवठ्याचा नकाशा पोस्टग्रेस 16 हा डेटाबेस आणि त्यात नकाशाचे आकार साठवू देणारं पोस्टजीआयएस हे एक्स्टेंशन यांवर आहे. सर्वेक्षक क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममधून थेट टेबलांत काम करतात, नागरिकांचा वेब नकाशा जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सर्व्हरवरून चालतो, आणि सगळेच ‘पोस्टग्रेस’ या एकाच सुपरयुजरने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, लॉगिन करतात. आता वरून सूचना आली आहे की, प्रत्येक सर्वेक्षकाला फक्त आपल्या वॉर्डात बदल करता यावेत. शिवाय ‘डेटा संवेदनशील आहे, जिऑमेट्रीचा कॉलम एन्क्रिप्ट करा’ असंही कोणीतरी सुचवलंय (जिऑमेट्री म्हणजे नकाशावरचे आकार). हे दोन्ही कसं करायचं?

जिऑमेट्रीचा कॉलम एन्क्रिप्ट करू नका. आणि ते सामाईक सुपरयुजर लॉगिन आधी बंद करा, बाकीचं सगळं त्यानंतर. एन्क्रिप्शनचा उपयोग चोरीला गेलेल्या डिस्कपुरता आणि नेटवर्कवर कान लावून बसलेल्यापुरता असतो. पासवर्ड टाकून रीतसर आत आलेल्या माणसाला डेटाबेस सगळं उलगडूनच दाखवतो, आणि तुमच्याकडे आत येणारा प्रत्येक जण सुपरयुजर आहे. त्याला कुठलीही परवानगी लागू होत नाही, कुठलीही पॉलिसी अडवत नाही, ‘कॉपी’ कमांडमधून तो सर्व्हरवरचा प्रोग्रॅमसुद्धा चालवू शकतो. क्यूजीआयएस चालवायला यातलं काहीही लागत नाही.

रोल म्हणजे डेटाबेसमधलं खातं किंवा खात्यांचा गट. त्यांची मांडणी अशी करा. टेबलांचा मालक म्हणून एक रोल, समजा ‘नकाशा_मालक’, ज्याला लॉगिनच नाही. त्याखाली कामानुसार गट: ‘वाचक’, ‘संपादक’. यांनाही लॉगिन नाही. मग प्रत्येक माणसाचा स्वतंत्र लॉगिन रोल आणि त्याला योग्य त्या गटाचं सदस्यत्व. माणूस बदली होऊन गेला की एक लॉगिन काढायचं, टेबलांच्या परवानग्यांना हात लावायचा नाही. परवानग्या थेट माणसाच्या नावावर दिल्या तर वर्षभरात असा गुंता होतो की, रोल काढायला गेलं की ‘यावर इतर गोष्टी अवलंबून आहेत’ म्हणून डेटाबेस नकार देतो आणि मग प्रत्येक डेटाबेसमध्ये शिरून ‘ड्रॉप ओन्ड’ (त्या रोलच्या मालकीचं सगळं आणि त्याला दिलेले हक्क काढणारी कमांड) करत बसावं लागतं.

टेबलं ‘पब्लिक’ स्कीमात ठेवू नका (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा). पोस्टग्रेस 15 पासून तिथे नवी टेबलं बनवण्याचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही, पण तुमचा डेटाबेस जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड होत आला असेल तर जुनी मोकळीक तशीच सोबत आलेली असते. ती हाताने ‘रिव्होक’ करावी, म्हणजे काढून घ्यावी लागते. आपली टेबलं वेगळ्या स्कीमात ठेवा आणि गटाला आधी त्या स्कीमावर ‘युसेज’ (आत शिरण्याचा हक्क), मग टेबलांवर ‘सिलेक्ट’ (वाचण्याचा हक्क) द्या. पहिली पायरी विसरली की टेबलावर सगळे हक्क देऊनही ‘परमिशन डिनाइड’ येतं. नव्या माणसाचा अर्धा दिवस हमखास यात जातो.

‘ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स’ ही कमांड त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतीच असते. उद्या बनणाऱ्या टेबलांसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ लागतं, आणि त्यात एक मेख आहे. ते विशिष्ट रोलने बनवलेल्या टेबलांनाच लागू होतं. म्हणजे तुम्ही ‘नकाशा_मालक’साठी डिफॉल्ट ठरवलं आणि सहकाऱ्याने आपल्या स्वतःच्या लॉगिनने शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) आयात केली, तर ते टेबल त्याच्या मालकीचं होतं आणि वाचकांना दिसत नाही. म्हणून आयात करणाऱ्याने आधी ‘सेट रोल नकाशा_मालक’ करावं, ही शिस्त लावून घ्या. आयडी कॉलम जुन्या ‘सीरियल’ पद्धतीचा असेल तर संपादकांना पुढचा क्रमांक पुरवणाऱ्या सीक्वेन्सवरही ‘युसेज’ द्यावं लागतं. ‘आयडेंटिटी’ कॉलमला ते लागत नाही.

पोस्टजीआयएसचं स्वतःचं थोडं वेगळं आहे. ‘स्पेशियल_रेफ_सिस’ या निर्देशांक पद्धतींच्या टेबलावर सगळ्यांना वाचण्याची परवानगी हवीच, नाहीतर आकार एका पद्धतीतून दुसरीत नेणारं एसटी_ट्रान्सफॉर्म अडखळतं. कडक धोरणाच्या उत्साहात ‘पब्लिक’ स्कीमावरचं सगळंच रिव्होक करणारे इथे फसतात. आणि ‘जिऑमेट्री_कॉलम्स’ हे पोस्टजीआयएस 2.0 पासून टेबल नसून व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) आहे, त्यात तुम्हाला ज्यावर ‘सिलेक्ट’ आहे तीच टेबलं दिसतात. क्यूजीआयएसच्या यादीत एखादा लेयर (नकाशाचा थर) येत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. यातून आणखी एक गोष्ट निघते. काही कॉलम लपवायचे म्हणून तुम्ही कॉलमनिहाय ‘सिलेक्ट’ दिलं, तर संपूर्ण टेबलावरचा हक्क नसल्यामुळे ते टेबल या व्ह्यूमधून गायबच होतं. कॉलम लपवायचे असतील तर व्ह्यू बनवा आणि त्या व्ह्यूवर परवानगी द्या. ‘अपडेट’चा हक्क मात्र कॉलमनिहाय द्यायला हरकत नाही.

सर्वेक्षकांना लेयरची स्टाइल डेटाबेसमध्ये जतन करायची सवय असते. क्यूजीआयएस त्यासाठी ‘लेयर_स्टाइल्स’ नावाचं टेबल पहिल्या वेळी स्वतः बनवतं, आणि आता तो हक्क नसल्याने तक्रार येईल. ते टेबल एकदा तुम्हीच बनवून द्या. तेवढ्यासाठी कोणी ‘क्रिएट’चा हक्क मागितला तर देऊ नका.

जिओसर्व्हरसाठी स्वतंत्र लॉगिन, आणि ते फक्त वाचण्यापुरतं. यावर मी अडून बसतो. 2023 मध्ये जिओसर्व्हरच्या फिल्टरमधून एसक्यूएल घुसवता येण्याची त्रुटी उघड झाली, आणि 2024 मध्ये तर लॉगिन न करता सर्व्हरवर कोड चालवता येण्याची. ही दुसरी प्रत्यक्ष हल्ल्यांतही वापरली गेली. अशा वेळी हल्लेखोराच्या हाती काय लागतं, हे जिओसर्व्हर कोणत्या युजरने डेटाबेसला जोडलेला आहे यावरच ठरतं. नागरिकांसाठीचे व्ह्यू वेगळ्या स्कीमात ठेवा आणि जिओसर्व्हरच्या रोलला त्या स्कीमापलीकडे काहीच दिसू देऊ नका. वेबवरून संपादन हवंच असेल तर त्यासाठी दुसरा डेटा स्टोअर (जिओसर्व्हरमधली डेटाबेसची जोडणी), दुसरा रोल.

आता वॉर्डनिहाय संपादन. पोस्टग्रेस 9.5 पासून रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ओळीगणिक हक्क ठरवण्याची सोय, आहे आणि तुमचं काम तिने होईल, पण नकाशाच्या टेबलांवर ती लावताना खाचखळगे आहेत.

पहिली इच्छा होते ती पॉलिसीतच, म्हणजे कोणाला कोणत्या ओळी हे सांगणाऱ्या नियमातच, एसटी_इंटरसेक्ट्स लिहिण्याची: सर्वेक्षकाच्या वॉर्डाच्या बहुभुजाला छेदणाऱ्या मालमत्ता त्याच्या. कागदावर छान वाटतं. पण शेजारच्या वॉर्डाच्या सीमेला नुसत्या टेकलेल्या मालमत्ताही ‘छेदतात’, त्यामुळे सीमेवरच्या घरांवर दोघांचा हक्क लागतो. शिवाय प्रत्येक ओळीसाठी ही भूमिती मोजावी लागते. त्यापेक्षा मालमत्तेच्या टेबलात ‘वॉर्ड_क्र’ हा साधा पूर्णांकाचा कॉलम ठेवा, आणि कोणाकडे कोणता वॉर्ड हे सांगणारं ‘वाटप’ नावाचं छोटं टेबल करा. पॉलिसी मग ‘करंट_युजर’वरून, म्हणजे सध्या काम करणाऱ्या रोलच्या नावावरून, वाटप पाहते आणि वॉर्ड क्रमांकाशी ताडते. पॉलिसीतली ही आतली क्वेरी त्या सर्वेक्षकाच्याच हक्काने चालते, म्हणून वाटपाच्या टेबलावर त्याला ‘सिलेक्ट’ द्यावं लागेल. ‘अपडेट’ अर्थातच नाही, नाहीतर तो स्वतःलाच सगळे वॉर्ड वाटून घेईल.

आता ‘वॉर्ड_क्र’ खरा आहे हे कोण बघणार? एक ‘बिफोर’ ट्रिगर, म्हणजे ओळ जतन होण्याआधी आपोआप चालणारं फंक्शन, लावा. तो एसटी_पॉइंटऑनसरफेसने मालमत्तेच्या आतला एक बिंदू काढतो, तो कोणत्या वॉर्डात पडतो ते पाहतो आणि क्रमांक स्वतः भरतो. इथे सेंट्रॉइड (आकाराचा मध्यबिंदू) वापरू नका. एल आकाराच्या इमारतीचा सेंट्रॉइड इमारतीबाहेरही पडू शकतो. बदललेली ओळ तपासणारी पॉलिसीतली ‘विथ चेक’ ही अट ‘बिफोर’ ट्रिगर चालून झाल्यावर तपासली जाते, त्यामुळे मालमत्ता ओढून शेजारच्या वॉर्डात नेली की ट्रिगर नवा क्रमांक भरतो आणि पॉलिसी तो बदल नाकारते. सर्वेक्षकाने क्रमांकाचा कॉलम हाताने बदलला तरी काही उपयोग होत नाही.

दुसऱ्याच्या वॉर्डातली ओळ बदलायला गेलं तर काय होतं, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. डेटाबेस एरर देत नाही. ती ओळ पॉलिसीतल्या ‘युझिंग’ या, आधीपासूनच्या ओळी तपासणाऱ्या, अटीत बसत नाही म्हणून अपडेटला ती सापडतच नाही, आणि उत्तर येतं ‘अपडेट 0’. सर्वेक्षकाला वाटतं जतन झालं, नकाशा पुन्हा उघडल्यावर बदल गायब, आणि ‘सिस्टिम डेटा खाते’ अशी बोंब सुरू होते. ज्याच्या-त्याच्या वॉर्डाचा फिल्टर लावलेला क्यूजीआयएस प्रोजेक्ट प्रत्येकाला दिला की हे बरंच कमी होतं.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि यावर नीट लिहिलेलं फार कमी सापडतं. रो लेव्हल सिक्युरिटी लागू असताना पोस्टग्रेस पॉलिसीची अट आधी तपासतो, युजरची अट नंतर. कारण युजरने आपल्या अटीत एखादं असं फंक्शन लिहिलं, जे मिळालेली किंमत एररमध्ये छापतं, तर लपवलेल्या ओळी तिथून बाहेर पडतील. अपवाद फक्त ‘लीकप्रूफ’ असं चिन्हांकित केलेल्या फंक्शनांचा. पूर्णांकांची बरोबरी लीकप्रूफ आहे. पोस्टजीआयएसची बाउंडिंग बॉक्स ताडणारी जी खूण असते, दोन अँपरसँडची, ती नाही. परिणामी क्यूजीआयएस स्क्रीनवर दिसणाऱ्या चौकटीपुरत्या ओळी मागतं तेव्हा जिस्ट इंडेक्स (आकार पटकन शोधून देणारी सूची) असूनही वापरला जात नाही. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं ‘एक्स्प्लेन’ करून पाहा: सुपरयुजरने चालवलं तर इंडेक्स स्कॅन, सर्वेक्षकाच्या रोलने चालवलं तर अख्ख्या टेबलाचा सीक्वेन्शियल स्कॅन. नकाशा जरा सरकवला की लोक चहाला जातात.

तुमच्या बाबतीत सुदैवाने यातून सरळ वाट आहे. सर्वेक्षकांनी शेजारचे वॉर्ड बघायला कोणाची हरकत नाही, बदल फक्त करायचे नाहीत. तेव्हा ‘सिलेक्ट’साठी ‘युझिंग ट्रू’ अशी खुली पॉलिसी ठेवा, आणि वॉर्डाची अट ‘इन्सर्ट’, ‘अपडेट’, ‘डिलीट’च्या पॉलिसींवरच लावा. खुली अट प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) काढूनच टाकतो, त्यामुळे वाचताना इंडेक्स पूर्वीसारखा चालतो. लिहिताना क्यूजीआयएस ओळ प्रायमरी कीने शोधतं, त्यामुळे तिथेही अडत नाही.

वाचनावरच बंधन घालायची वेळ आली, समजा पाणीपुरवठ्याच्या मुख्य वाहिन्या आणि व्हॉल्व्ह सगळ्यांना दाखवायचे नाहीत, तर मी आधी वेगळं टेबल आणि वेगळा गट हा साधा मार्ग घेईन. ओळीनिहायच हवं असेल तर ‘वॉर्ड_क्र’वर इंडेक्स ठेवून पॉलिसीतली क्वेरी ‘इन’ऐवजी ‘= एनी’ आणि अ‍ॅरे अशा रूपात लिहा, म्हणजे वाटपाची यादी एकदाच काढली जाते आणि तो इंडेक्स तरी वापरात येतो. काही जण सुपरयुजर होऊन पोस्टजीआयएसच्या फंक्शनवरच ‘लीकप्रूफ’चा शिक्का मारतात. वेग परत येतो खरा, पण तो शिक्का म्हणजे ‘हे फंक्शन काहीही फोडत नाही’ याची हमी असते आणि ती हमी पोस्टजीआयएसने दिलेली नाही, तुम्ही दिलेली असते. शिवाय एक्स्टेंशन अपग्रेड केल्यावर तो टिकला आहे का, हेही तपासावं लागतं.

टेबलाच्या मालकाला या पॉलिसी लागू होत नाहीत, ‘फोर्स’ केल्याशिवाय. मालक रोलला लॉगिन नको म्हटलं त्याचं हे आणखी एक कारण. व्ह्यूही त्याच्या मालकाच्या हक्काने चालतो. पोस्टग्रेस 15 पासून व्ह्यूवर ‘सिक्युरिटी_इन्व्होकर’ लावता येतं, मग तो वापरणाऱ्याच्या हक्काने चालतो. पॉलिसी लागू राहायला हव्यात अशा व्ह्यूंवर ते लावा; कॉलम लपवणाऱ्या आणि नागरिकांसाठीच्या व्ह्यूंवर नको, नाहीतर मूळ टेबलाचा हक्क द्यावा लागेल. आणि संपादकांना ‘ग्रँट ऑल’ देऊ नका. त्यात ‘ट्रंकेट’ येतं, आणि ट्रंकेटला पॉलिसी लागूच नाही. वॉर्डापुरता हक्क असलेला माणूस एका कमांडमध्ये गावाचा नकाशा पुसू शकतो.

रास्टर (चित्राच्या रूपातला नकाशा) वापरत असाल तर एकच: डेटाबेसबाहेरच्या फाइलींतून रास्टर वाचण्याची सोय आणि जीडाल या रास्टर वाचणाऱ्या लायब्ररीचे ड्रायव्हर पोस्टजीआयएसमध्ये मुद्दाम बंद ठेवलेले असतात. सर्व्हरवरच्या फाइली वाचण्याची ती वाट आहे. ऑर्थोफोटो (नकाशावर बसवलेलं हवाई छायाचित्र) दिसत नाही म्हणून सगळे ड्रायव्हर एका झटक्यात उघडू नका, हवे तेवढेच उघडा.

आता एन्क्रिप्शन. जिऑमेट्री एन्क्रिप्ट का करायची नाही? जिस्ट इंडेक्स प्रत्येक आकाराभोवतीची चौकट पाहून काम करतो. कोणतं कोणाच्या डावीकडे, कोणतं कोणाच्या आत, हे त्याला दिसावं लागतं. पीजीक्रिप्टो या पोस्टग्रेसच्या एक्स्टेंशनने कॉलम एन्क्रिप्ट केला की उरतो तो नुसता बायटींचा ढीग. इंडेक्स गेला, एसटी_इंटरसेक्ट्स गेलं, क्यूजीआयएसला तो लेयर म्हणूनही ओळखता येणार नाही. पाइपलाइनपासून पन्नास मीटरच्या आतली घरं काढायची तर आधी सगळी घरं डिक्रिप्ट करावी लागतील. दुसऱ्या डेटाबेसमध्येही हेच आहे. एसक्यूएल सर्व्हरचं ‘ऑलवेज एन्क्रिप्टेड’ जिऑमेट्री आणि जिऑग्रफी प्रकारांना चालतच नाही. तिथे आणि ओरॅकलमध्येही अवकाशीय डेटासाठी वाट एकच: संपूर्ण डेटाबेस किंवा टेबलस्पेस पातळीवरचं पारदर्शक एन्क्रिप्शन, ज्यात डेटा डिस्कवर एन्क्रिप्ट असतो पण क्वेरीला उघडा दिसतो.

मूळ पोस्टग्रेसमध्ये तशी सोय नाही. काही कंपन्यांच्या आवृत्त्यांत आणि एक्स्टेंशनमध्ये आहे. तुमच्यासाठी लिनक्सवर लक्स या डिस्क-एन्क्रिप्शनच्या सोयीने संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणं पुरेसं आहे. क्लाउडवर असाल तर तिथली डिस्क-एन्क्रिप्शनची सोय सुरू आहे ना एवढं पाहा. डेटा फोल्डरच नव्हे, तर वॉल फाइली (बदलांची नोंद ठेवणाऱ्या), तात्पुरत्या फाइली आणि लॉगसुद्धा त्याच डिस्कवर असावेत.

तारेवरच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या, एन्क्रिप्शनकडे लोक जास्त दुर्लक्ष करतात. सर्वेक्षक मोबाइल हॉटस्पॉटवरून जोडतात ना? मग कोण कुठून जोडू शकतो हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलीत बाहेरच्या पत्त्यांसाठी ‘होस्ट’ऐवजी ‘होस्टएसएसएल’ (फक्त एन्क्रिप्ट केलेली जोडणी) लिहा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिलीच ओळ लागू होते, म्हणून वर राहिलेली एखादी जुनी सैल ओळ खालचं सगळं निरर्थक करते. जोडणाऱ्याच्या बाजूचा ‘एसएसएलमोड’ मुळात ‘प्रिफर’ असतो: जमलं तर एन्क्रिप्शन, नाही जमलं तर उघडंच. ‘रिक्वायर’ने एन्क्रिप्शन सक्तीचं होतं, पण पलीकडचा सर्व्हर खरा तुमचाच आहे का, हे ‘व्हेरिफाय-फुल’ असल्याशिवाय नीट तपासलं जात नाही. सर्टिफिकेट बनवून प्रत्येक लॅपटॉपवर टाकायचा कंटाळा येतो, तरी टाका. पासवर्ड साठवण्या-तपासण्यासाठी जुनी एमडी5 पद्धत सोडून स्क्रॅम वापरा. सेटिंग बदलल्याने जुने पासवर्ड आपोआप बदलत नाहीत, प्रत्येकाला नवा पासवर्ड लावावा लागतो. सामाईक लॉगिन मोडताना हे तसंही होणारच आहे.

कॉलम पातळीचं एन्क्रिप्शन मोबाइल नंबर, बँक तपशील अशा गोष्टींपुरतं ठेवा, आणि त्या गोष्टी मालमत्तेच्या टेबलात न ठेवता वेगळ्या टेबलात ठेवा. आधार क्रमांक कामाला लागत नसेल तर साठवूच नका. पीजीक्रिप्टो वापरताना किल्ली क्वेरीतून पाठवली जाते, हे लक्षात असू द्या. स्टेटमेंट लॉग सुरू असेल तर ती लॉगमध्ये उतरते, आणि सुपरयुजरला चालू क्वेरींच्या यादीतही दिसते. जमत असेल तर एन्क्रिप्शन अ‍ॅप्लिकेशनमध्येच करा आणि डेटाबेसला किल्ली कळूच देऊ नका.

पण नकाशाच्या डेटामध्ये ठिकाण हीच ओळख असते. मालकाचं नाव तुम्ही उत्तम एन्क्रिप्ट केलंत आणि शेजारच्या कॉलमात सिटी सर्व्हे नंबर उघडा ठेवलात, तर महाभूलेखवर जाऊन सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघणाऱ्याला नाव मिळायला कितीसा वेळ लागतो? म्हणून नागरिकांच्या नकाशावर काय जातं, हे कॉलमागणिक ठरवा. थकबाकी दाखवायची असेल तर मालमत्तानिहाय न दाखवता गल्ली किंवा वॉर्डाची बेरीज दाखवा. बिंदू पुसट करायचे असतील तर एसटी_स्नॅपटूग्रिडने ठरावीक जाळीवर बसवा. दर विनंतीला नव्याने यादृच्छिक सरकवणं फसवं आहे. पुन्हापुन्हा मागून सरासरी काढली की मूळ जागा सापडते. आणि पुसट केलेला व्ह्यू ‘मटेरियलाइज’ करून, म्हणजे त्याचा निकाल प्रत्यक्ष साठवून, नागरिकांच्या स्कीमात ठेवा, म्हणजे त्या रोलला मूळ टेबलाकडे जायचं कारणच उरत नाही.

गळती बहुतेक वेळा याही बाहेर होते: शेपफाइल करून पेनड्राइव्हवर दिलेली, प्रोजेक्ट फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. क्यूजीआयएसच्या कनेक्शनमध्ये पासवर्डसमोरची ‘स्टोअर’ची खूण केली की तो साध्या मजकुरात जतन होतो आणि प्रोजेक्ट फाइलीतही जाऊ शकतो. क्यूजीआयएसचा ऑथेंटिकेशन मॅनेजर मास्टर पासवर्डखाली तो एन्क्रिप्ट करून ठेवतो, प्रोजेक्टमध्ये फक्त त्याचा संदर्भ जातो. सगळ्यांच्या लॅपटॉपवर तो लावून द्या. एक्सपोर्ट थांबवता येत नाही; ज्याला वाचता येतं त्याला कॉपी करता येतं. म्हणून वाचकांचा गट विचार करून भरा.

बॅकअप एन्क्रिप्ट केल्याशिवाय सर्व्हरबाहेर नेऊ नका, आणि त्याची किल्ली त्याच डिस्कवर ठेवू नका. पीजी_डंप या बॅकअपच्या साधनातून टेबलांच्या परवानग्या येतात, पण रोल येत नाहीत. ते पीजी_डंपऑलने वेगळे काढावे लागतात, नाहीतर नव्या सर्व्हरवर ग्रँट एकामागून एक फसतात. ज्या रोलने डंप घेता त्याला पॉलिसी लागू होत असतील तर पीजी_डंप अर्धवट डेटा न देता थेट एरर देतं. हे बरंच आहे, पण रात्रीच्या क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातली) ती एरर कोणी वाचली पाहिजे. बॅकअपसाठी ‘बायपासआरएलएस’ (पॉलिसी न लागण्याची सवलत) असलेला वेगळा रोल ठेवा. क्लाउडवर पाठवणार असाल तर 2021 च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा आहे, आणि तुमचं डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) सर्वेक्षण त्यात बसतं. बॅकअपची दुसरी प्रत कुठल्या रीजनमध्ये जाते, तेही त्यात आलं.

सगळं लावून झाल्यावर सुपरयुजरने तपासू नका, त्याला सगळंच चालतं. ‘सेट रोल’ करून एकेका सर्वेक्षकाच्या भूमिकेत शिरा: आपल्या वॉर्डातली मालमत्ता बदला, शेजारची बदलायला जा, एक सीमेपलीकडे ओढा, ट्रंकेट करून पाहा. पॉलिसीत ‘करंट_युजर’ वापरला असेल तरच ही चाचणी खरी उतरते. ‘सेशन_युजर’ लिहिला असेल तर सेट रोल करूनही तिथे ‘पोस्टग्रेस’च दिसत राहतो. हे पार पडलं की पीजी_एचबीए फाइलीत ‘पोस्टग्रेस’ युजरला स्थानिक सॉकेटपुरतं ठेवा, नेटवर्कवरून ‘रिजेक्ट’. त्या दिवशी दोनचार फोन येतील. एखादी विसरलेली स्क्रिप्ट किंवा कोपऱ्यातलं जुनं मशीन अजून त्याच लॉगिनवर चालत होतं, हे तेव्हाच कळतं. तिला तिचा स्वतःचा रोल द्या.